वरचा कोपरा

लग्न होऊन सासरी आले त्याच दिवशी मी तांब्यात उरलेलं पाणी अंगणात ओतलं आणि सासूबाईंनी माझ्या मनगटावर फटका मारला. सगळ्या बायकांसमोर. हातातला नवा चुडा वाजला.

"हितं पाणी वतत न्हाईत पोरी," त्या म्हणाल्या. "उरलं तर शेळीला. शेळीनं न्हाई पेलं तर झाकून ठिवायचं. वतायचं न्हाई."

मला राग आला. माझं माहेर कृष्णाकाठचं. मूळचे आम्हीही मेंढरामागचेच लोक, पण माझ्या आज्यानं मेंढरं विकली आणि सांगलीच्या अलीकडं हळदीच्या एका मळ्यात वाटेकरी म्हणून बस्तान बसवलं. मी चौथीपर्यंत शाळेत गेले. पुढं शाळा नव्हती, आणि असती तरी कुणी पाठवलं नसतं. शाळा सुटल्यावर हळदीची दारं धरणं हे माझं काम. मोटेचं पाणी पाटातून येतं, एक वाफा भरला की खोऱ्यानं माती ओढून त्याचं तोंड बुजवायचं आणि पुढच्या वाफ्याचं फोडायचं. त्यात अक्कल एवढीच लागते की कधी बुजवायचं ते कळलं पाहिजे. पाणी ओतू नये असं मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

सासर आटपाडीच्या पुढं, उघड्या माळावर. सासरे दर उन्हाळ्यात मेंढरं घेऊन आमच्या भागात उतरायचे, शेतात मेंढरं बसवायचे, खताच्या बदल्यात धान्य न्यायचे. त्या ओळखीतून सोयरीक झाली. नवरा माधवनगरला गिरणीत होता, दिवाळीला आणि जत्रेला घरी यायचा. त्यामुळं घरात सासूबाई, सासरे, लहान दीर आणि मी, एवढी चार माणसं.

पाणी ओढ्याच्या वाळूत खड्डा करून वाटीनं भरायचं. एक घागर भरेपर्यंत तीन बायकांची सगळी भांडणं व्हायची. अंघोळीला बसायची फरशी उतरती होती आणि तिच्या टोकाला दगडी डोण होती. अंगावरून गेलेलं पाणी त्यात जमायचं, ते जनावरं प्यायची. पाहुण्याला तांब्या अर्धाच द्यायचा. पाहुणा शहाणा असला तर त्यातलंही थोडं उरवायचा. हे सगळं मी महिन्याभरात शिकले. राग गेला नाही, पण शिकले.

पहिल्या अमावस्येला सासूबाईंनी मला रानात नेलं. आमचं रान उताराचं. वरच्या कोपऱ्यात मुरूम, खाली जाता जाता काळी माती. वरच्या कोपऱ्यात दगडांचे चार लहान ढीग होते. त्यावर बाभळीच्या काट्या टाकलेल्या, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून. काट्या जुन्या झाल्या होत्या. सासूबाईंनी नव्या तोडून आणल्या होत्या, त्या त्यांनी स्वतः टाकल्या. मला हात लावू दिला नाही.

"ही माजी," त्या म्हणाल्या. "दोन तुज्या नवऱ्याच्या आदीची, दोन मागची."

लहान लेकरू आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. खड्डा बुजवताना आई असेल तर ती मूठभर मीठ टाकते. सासूबाईंनी चारही वेळा टाकलं होतं. जागा वरची का, ते त्यांनीच सांगितलं. त्यांचं पहिलं लेकरू सासऱ्यांच्या भावानं ओढ्याकाठी पुरलं होतं, माती मऊ म्हणून. पावसाळ्यात ओढा फुगला आणि काठ खचला. पुढं काय दिसलं ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी ते आपल्या हातानं उचलून या कोपऱ्यात आणलं. सगळ्या रानात तिथंच ओल म्हणून येत नव्हती. पाऊस पडला तरी पाणी दोन्ही अंगांनी निथळून जायचं.

"हितं कोरडी ऱ्हात्यात," त्या म्हणाल्या. मग आम्ही परत आलो आणि त्यांनी मला भाकरी नीट न थापल्याबद्दल बोलणी ऐकवली.

युद्धाची वर्षं होती. धान्य मिळत नव्हतं. लांबच्या तलावाचा पाट, म्हणजे मोठा कालवा, आमच्या माळापर्यंत वाढवायचा असं वर कुठं तरी ठरलं. आमच्यातली माणसं त्यावर हसली. म्हातारे म्हणाले, पाणी येतंय म्हणून आमच्या आज्यालाबी सांगितलं होतं. पण खरंच माणसं आली, खुंट्या ठोकल्या, आणि दोन हिवाळे गेल्यावर आमच्या रानाच्या डोक्यावरून पाट गेला. पाटाच्या वरच्या अंगाला माळ तसाच राहिला, खालच्या अंगाची सगळी रानं पाण्याखाली येणार होती.

पाण्याचं दार कुठं काढायचं ते दाखवायला पाटकरी आला. पाट राखायचं आणि पाळीपाळीनं पाणी सोडायचं काम त्याचं. जाडा, बोलका माणूस होता. त्यानं रान एकदा वरखाली पाहिलं आणि काठी वरच्या कोपऱ्यात टेकवली.

"हितनं," तो म्हणाला.

सासूबाई तिथंच बसलेल्या होत्या. उठल्या नाहीत.

"दुसरीकडनं काड," त्या म्हणाल्या.

"आवं मावशी, पाणी वरनं खाली जातं. ह्यो कोपरा वर हाय. खालनं वर जा म्हटलं तर ते माज्या बापाचंबी ऐकायचं न्हाई."

"मग तुज्या बापाच्या रानातनं ने."

आजूबाजूची माणसं हसली. पाटकरीही हसला. मग त्याला ते ढीग दिसले आणि त्यानं काठी उचलून काखेत घेतली. तो म्हणाला, "मी पुन्हा येतो," आणि सासऱ्यांकडं बघून निघून गेला.

कोरडं राहावं म्हणून जो कोपरा निवडला होता, पाणी आत यायला जागाही तीच होती. कारण एकच, तो सगळ्यात उंच होता. यात कुणाची काही लबाडी नव्हती. सासऱ्यांना ते कळत होतं, सासूबाईंनाही कळत होतं. म्हणूनच भांडण वाईट झालं.

सासरे एरवी गरीब माणूस. सगळं आयुष्य मेंढरांशी बोलण्यात गेलेलं, बायकोशी बोलायची सवय नव्हती. त्या संध्याकाळी ते बोलले.

"अर्धी मेंढरं इकून पैका मी रान सपाट करायला घातला. आता पाणी दारात आलंय. आन् तू मदी बसतीस?"

"बसती."

"जी गेली त्यांच्या जागंपायी ऱ्हायलेल्या दोगांच्या तोंडचा घास काडतीस व्हय?"

सासूबाई उठल्या. चूल विझवली आणि झोपल्या. आम्ही तिघं अर्धवट शिजलेली आमटी प्यालो.

सकाळी त्या आपणच सासऱ्यांना म्हणाल्या, "तीन हात सोडून न्या. बांध घाला मदी. एक थेंब पलीकडं गेला न्हाई पायजे."

सासऱ्यांनी बांध घातला. मनापासून घातला, मी साक्षीला आहे. दीर आणि ते चार दिवस राबले. पण त्या घरात कुणी जन्मात पाणी अडवलेलं नव्हतं. हाताशी मुरूम होता म्हणून त्यांनी मुरमाचा बांध घातला. मी सासूबाईंना म्हटलं, "ह्यातनं पाणी पाझरंल, खालची काळी माती आणायला सांगा." त्या म्हणाल्या, "तूच सांग." मी सून. सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर सरकला तरी बोलणी खायची, त्यांना बांध कसा घालायचा ते कुठून सांगणार? दिराला सांगितलं. तो म्हणाला, "वैनी, आबानं घातलाय, पक्का हाय."

पाणी आलं त्या दिवशी अख्खी वस्ती आमच्या रानात. आमची पाळी पहिली होती. बायकांनी हळदीकुंकू आणलं, नारळ आणला. सासऱ्यांनी खांद्यावर घोंगडी घेतली होती आणि पायातल्या वहाणा काढून बांधावर ठेवल्या होत्या. का, ते त्यांनाच ठाऊक. पाटकऱ्यानं दार उचललं. पाणी पुढं आलं ते आधी फेसाचं, काडीकचरा ढकलत, माणूस सावकाश चालतं तेवढ्या वेगानं. पोरं त्याच्या पुढं उलटी चालत होती. एका म्हातारीनं त्यात पदराचं टोक बुडवून डोळ्यांना लावलं.

मुरमाचा बांध फार टिकला नाही. आधी पाझरला, मग एका जागी फुटला, आणि पाणी कोपऱ्यात शिरलं.

सासरे ओरडले. दीर खोरं घेऊन धावला. मीही धावले. पण तोवर पाणी त्या चार ढिगांपाशी पोचलं होतं, आणि तिथं ते थांबलं. पुढं जाईना. चार जागी गोल फिरायला लागलं आणि खाली जायला लागलं. दगड हलले, खचले. बुडबुडे आले. आणि आवाज आला. घट घट घट. तहानलेलं पोर तांब्याला तोंड लावून न थांबता पितं तसा.

पोकळ मातीत पाणी शिरलं की आतली हवा बाहेर येते. उंदराच्या बिळात पाणी गेलं तरी असाच आवाज होतो, हळदीच्या रानात मी तो शंभरदा ऐकला होता. एकदा उकरून बुजवलेली माती कितीही वर्षांची असली तरी खालून पोकळच राहते. हे मला ठाऊक होतं. तरी अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. माणसं दोन पावलं मागं सरली होती. पोरंसुद्धा.

दिरानं बांध बुजवायला खोरं उचललं. सासूबाईंनी त्याचा हात धरला.

"थांब," त्या म्हणाल्या. "पित्यात."

त्या गुडघाभर चिखलात बसल्या आणि ऐकत राहिल्या. आवाज कमी कमी होत थांबला. कोपरा भरला, पाणी वर तरंगायला लागलं, बाभळीच्या काट्या त्यावर फिरायला लागल्या. मग त्यांनीच सांगितलं, "आता जाऊ द्या खाली."

त्या वर्षी आम्ही गहू केला. गहू आमच्यात फक्त सणाला दिसायचा, तोही विकत आणलेला, मूठमूठ. त्या वर्षी कणग भरली. पुढच्या वर्षी गव्हाबरोबर कांदा, भुईमूग. वस्तीत दिवाळीनंतर माणूस राहायचं नाही, सगळे मेंढरं घेऊन खाली उतरायचे, मागं म्हातारीकोतारी आणि कुत्री. आता माणसं थांबायला लागली. ज्यांनी आयुष्यात एका जागी दोन पावसाळे काढले नव्हते त्यांनी भिंती घातल्या. गावात मास्तर आला. पलीकडच्या वस्तीवर कुणी तरी उसाचा तुकडा लावला आणि तो बघायला माणसं जत्रेला जावीत तशी गेली. पाण्याच्या पाळीवरून डोकी फुटली, तीही नवीच गोष्ट. आधी भांडायला पाणीच नव्हतं.

आज आमच्या भागात कुणी आलं की म्हणतं, माळाचं सोनं झालं. झालं ते खरं आहे. मी त्याच रानातलं खाऊन म्हातारी झाले, त्यामुळं पाण्याला नावं ठेवणार नाही. मी फक्त आमच्या कोपऱ्याचं सांगते आहे.

पाण्याची पाळी आली की सासूबाई खोरं घेऊन आधी कोपऱ्यात जायच्या. स्वतःच्या हातानं बांध फोडायच्या, कोपरा भरू द्यायच्या, आणि बसून राहायच्या. आवाज आता पहिल्यासारखा येत नव्हता, माती बसली होती. पण त्यांना येत असावा. त्या मान डोलवायच्या. कोपरा भरला की पाणी तिथून उतरून रानात फिरायचं, आणि त्या ते बुजवायच्या नाहीत. दीर बुजवून आला की पुन्हा फोडायच्या. गव्हाला नको असलं तरी पाणी चालूच. सासरेही फार बोलायचे नाहीत, कारण पाण्याला पुरे म्हणणं त्यांच्याही जिवावर यायचं. आमच्या साऱ्या वस्तीचं असंच होतं. पाणी आलं की घ्यायचं, येईल तेवढं घ्यायचं. दार बुजवताना माणसांचे चेहरे कुणाचा तरी गळा दाबत असल्यासारखे व्हायचे. खालच्या काळ्या मातीत पाणी साचून हिरवं व्हायचं आणि बेडकं ओरडायची. बेडकांचं पोरांना मोठं कौतुक.

दुसऱ्या वर्षी खालच्या टोकाचा गहू वीतभर वाढून पिवळा पडला. उन्हाळ्यात तिथं जमीन पांढरी झाली. पहाटेचं दव पडतं तसं वाटायचं, पण ऊन वर आलं तरी ते जाईना. सासरे तिथं उकिडवे बसले. सासूबाईंनी बोट लावून चाटून बघितलं.

"मीठ हाय," त्या म्हणाल्या.

मग त्या हळू म्हणाल्या, "ह्ये मी टाकल्यालं."

मी म्हटलं, "आत्याबाई, चार मुठीचं एवढं मीठ न्हाई होत. पाणी लय झालंय. आमच्या तिकडंबी पाणथळ रानाला खार फुटतो." पाटकऱ्यानं येऊन तेच सांगितलं. पाणी तोडा, खालून चर काढा, नाही तर जमीन मेली म्हणून समजा. सासरे मान हलवत होते. सासूबाई त्या पांढऱ्याकडं बघत होत्या.

घरी आल्यावर त्या मला म्हणाल्या, "मिठानं तान लागती का न्हाई गं?"

मी म्हटलं, "लागती."

"मीठ घालून कोरड्यात ठिवली मी त्यास्नी. इतकी वर्सं."

मी जात्यावर बसले.

दिरानं चर काढला. पण वरून पाणी चालूच राहिलं तर चर काय करणार? सासऱ्यांनी खोरं लपवलं. सासूबाईंनी हातानं बांध फोडला. सासऱ्यांनी एकदा त्यांना धरून बाजूला बसवलं, तर त्या आरडाओरडा न करता, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्या मेंढीचं कोकरू तानेलं आसलं तर तुमी आडवाल का?" सासऱ्यांनी हात सोडला. पांढरं वर चढत होतं. रान अर्धं गेलं असतं, मग सगळं गेलं असतं, आणि आम्ही पुन्हा उरलेल्या मेंढरांमागं गेलो असतो. हे त्या घरात सगळ्यांना दिसत होतं, त्यांनाही.

मला तेव्हा मुलगा होता. दीड वर्ष उलटून गेलं तरी अंगावर पीत होता. दात आले होते, भाकरी खात होता, तरी सोडत नव्हता. एके दिवशी सासूबाई कडुलिंबाचा पाला वाटून माझ्यासमोर बसल्या.

"किती दिस पाजशील? खातंय की आता. ह्ये लाव आन् तोड."

"रडंल त्यो."

"रडू दे. दोन दिस रडतंय. आई म्हणून कवा तरी तोडावंच लागतं. न्हाईतर तुजंबी हाड ऱ्हायचं न्हाई आन् त्येचंबी."

मी वाटीकडं बघितलं. मग त्यांच्याकडं बघितलं.

"तुमी तोडा," मी म्हटलं. "मग मी तोडते."

त्यांना लगेच कळलं. माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं आता वाटी फेकून मारतील. इतक्या वर्षांत मी त्यांना उलट बोलले नव्हते. त्या उठल्या, वाटी माझ्यापुढं ठेवली आणि बाहेर गेल्या.

पुढच्या पाळीला त्या कोपऱ्यात गेल्या खऱ्या. मी मागून गेले. त्यांनी खालून काळ्या मातीची पाटी आणली होती. बांधाला ती लिंपली, हातानं दाबली, पुन्हा लिंपली, घराच्या भिंतीला लिंपावं तशी. पाटकऱ्यानं दार उचललं. पाणी आलं आणि बांधाच्या कडेनं खाली निघून गेलं. कोपऱ्यात एक थेंब गेला नाही. सासूबाई कोपऱ्याकडं पाठ करून बसल्या आणि डोक्यावरचा पदर दोन्ही कानांवर ओढून घट्ट धरला. दिरानं सगळं रान भिजवून होईपर्यंत त्या तशाच बसल्या होत्या. हाताला धरून उठवावं लागलं.

मीही तोडलं. ठरलं होतं ते ठरलं होतं. पोर दोन दिवस रडलं, मग भाकरीचा तुकडा घेऊन गप्प बसलं. त्या दिवसांत पाटाला पाणी सुटलं आणि त्याचा आवाज आला की माझी चोळी भिजायची. पोर रडल्यावर नाही, पाण्याच्या आवाजानं. ती भिजलेली बघून सासूबाई तोंड फिरवायच्या.

पाणी तोडल्यावर रान हळूहळू सुधारलं. त्याला वर्षं लागली. पण साचलेल्या पाण्यानं तोवर दुसरं काही तरी आणलं होतं. पाट यायच्या आधी आमच्या माळावर डास माहीत नव्हता. त्याच वर्षी पावसाळा सरता सरता वस्तीत हिवताप शिरला. घराघरात माणसं घोंगड्यांखाली कुडकुडत पडलेली, आणि बाहेर पिकं अशी उभी की माळावर कुणी कधी बघितली नव्हती. कापायला माणूस उठत नव्हता. आमच्या घरात दीर पडला, सासरे पडले, मी पडले. पोराला ताप आला तो चौथ्या दिवशी घेऊन गेला. शेजारची एक जण म्हणाली, अंगावरचं तोडलं म्हणून गेलं. हिवतापाला काय दूध कळतं? मी तिला तसंच सांगितलं आणि पुढं कित्येक वर्षं तिच्या दारात गेले नाही.

नवरा माधवनगरला होता. निरोप जाऊन तो येईपर्यंत थांबता येत नव्हतं. तापातून नुकत्याच उठलेल्या सासऱ्यांनी पोराला घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून उचललं आणि सवयीनं वरच्या कोपऱ्याची वाट धरली. सासूबाई पुढं होत्या.

"तितं नको," मी म्हटलं.

सगळे थांबले. ताप माझ्याही अंगात होता.

"तितं वल मुरल्याली हाय. माजं पोर वल्यात न्हाई ठिवायचं."

सासरे म्हणाले, "पोरी, मग कुटं? सगळीकडंच पाणी हाय आता."

खरं होतं. मी खाली बघितलं, सगळं रान हिरवं. शेजारचं हिरवं, त्याच्या पलीकडचं हिरवं. ज्या माळावर मी आले तेव्हा वाटीनं पाणी भरत होते, त्या माळावर माझ्या पोराला पुरायला हातभर कोरडी जागा नव्हती.

सासूबाईंनी पाटाकडं बोट केलं. पाटाच्या वरच्या अंगाला. पाण्याला तिथं चढता येत नव्हतं, म्हणून तिथला माळ अजून जसाच्या तसा होता, दगड आणि कुसळं. आम्ही पाट ओलांडला. पावसानं पाण्याला तेव्हा चांगली ओढ होती. सासऱ्यांनी पोर उंच धरलं, भिजू नये म्हणून. जमीन इतकी कठीण होती की दिराला तापात खणता येईना, सासऱ्यांनीच खणलं. बुजवताना एका बाईनं मिठाची पुडी पुढं केली. सासूबाई म्हणाल्या, "नको." बाभळीच्या काट्या मी टाकल्या. या वेळी त्यांनी हात लावला नाही.

दिवाळीनंतर पाळ्या पुन्हा सुरू झाल्या. मी कामाला लागले, दुसरं काय करणार. पाटाला पाणी आलं की हात आपोआप चोळीकडं जायचा. ती कोरडी असायची. दूध केव्हाच आटलं होतं.

एका पाळीला मी दारं धरत होते आणि सासूबाई दिसेनात. कोपऱ्यात नव्हत्या. वर बघितलं तर पाटाच्या पलीकडं, माळावर, त्या वाकलेल्या होत्या. हातात तांब्या होता.

मी खोरं टाकलं आणि गेले. पाटातून कशी गेले ते कळलं नाही, कमरेपर्यंत भिजले. पोचले तोवर दगडांवर पाणी पडलेलं होतं आणि जमिनीनं ते पिऊनही टाकलं होतं. फक्त डाग राहिला होता.

"कशाला?" मी ओरडले. "कोरडं ऱ्हाऊ द्या म्हटलं होतं ना मी? एवढं एकच मागितलं होतं."

त्या घाबरल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. तांब्या उपडा करून जमिनीवर ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. त्यांचं तोंड मला नीट आठवतं. हट्टी नव्हतं, दमलेलं होतं.

"कोरडं ठिवून बगितलं मी," त्या म्हणाल्या. "वलं करूनबी बगितलं. तोडूनबी बगितलं. तुज्या मनाला यील तसं कर पोरी. ऐकू यायचं ते येतंच."

वारा होता, कुसळं लुगड्याला चिकटत होती. खालून दीर हाका मारत होता. मी खोरं टाकून आले होते तिथं वाफा भरून पाणी बांधावरून चाललं होतं आणि त्याला एकट्याला आवरत नव्हतं.

"चल," सासूबाई म्हणाल्या. "रान बुडंल."

त्यांनी माझा दंड धरला. पाटातून आम्ही एकमेकींना धरून उतरलो, आणि मी जाऊन दार बुजवलं.